पळी पळी तेल

(दृश्य: धुळे. जुनी लाकडी कपाटं, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं.)

पोरगं पुस्तकातून डोकं काढत नसलं की घरातून हाक येते, "कितलं वाचस रे भो!" आणि शिक्का बसतो, पुस्तकी किडा. त्याच पोराचे केस पिकले की गावच शाल पांघरतं आणि म्हणतं, व्यासंगी माणूस.

व्यासंग म्हटलं की पुष्कळांना व्यासमुनी आठवतात. त्यांचा इथे संबंध नाही. वि, आ आणि संग. संग म्हणजे चिकटणं. संस्कृतात याच शब्दाचा 'लक्ष भलतीकडे जाणं' असाही अर्थ आहे. मराठीने तो सोडून दिला. व्यासंगी माणसाच्या बायकोला विचारा, ती सोडणार नाही.

असे एक चिकटलेले गृहस्थ धुळ्यात राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगाव फिरून, माळ्यांवरची दप्तरं उपसून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड काढली, 22 खंड. मग शब्दांच्या मुळांमागे लागले, क्रियापदांचे धातू गोळा करत बसले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते इथेच गेले. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं.

खानदेशाला ही सवय जुनी आहे.

(दृश्य: चाळीसगावजवळचं पाटण. मागे डोंगर.)

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी. आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी'सारखे ग्रहगणिताचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. शके 1128 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. वरचा बराचसा मजकूर संस्कृत, थोरामोठ्यांच्या स्तुतीचा. मठाचा खर्च कसा चालायचा हे सांगायची वेळ आली, तसा कोरणारा मराठीत उतरला. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि पाटणात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून "पळी पळी" तेल.

ते तेल समईत जळलं की फोडणीत गेलं, शिळा सांगत नाही. ग्रहगणिताशी त्या तेल्याचा काय संबंध? बैल घाण्याभोवती फिरत होता, आत कोणीतरी ग्रहांचं फिरणं मोजत होतं. मठाला दान देणारा इथला सामंत सोईदेव, त्याचं नाव दगडावर आहे. तेल्यांची नावं नाहीत, नुसता हिशेब आहे: जितके घाणे, तितक्या पळ्या.