ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

[मासुंदा तलाव, सकाळ. पाऊस नुकताच थांबला आहे.]

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात आणि पावसाळ्यात घरोघरी ताप सुरू झाला की पहिले बोट या तलावांकडेच दाखवले जाते. डेंग्यूपुरते बोलायचे तर हा आळ खोटा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला तलाव नको असतो आणि उघडे गटारही नको असते. तिला लागते ते माणसाने घरात किंवा घरालगत साठवून ठेवलेले, न हलणारे, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी.

[नौपाड्यातील जुनी इमारत. मोरीतील पिंप. नंतर घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीची बाल्कनी.]

नौपाड्यातील जुन्या घरात हे पाणी मोरीतल्या पिंपात सापडते, तर घोडबंदर रस्त्यावरच्या विसाव्या मजल्यावर ते कुंडीखालच्या ताटलीत, मनीप्लांटच्या बाटलीत किंवा फ्रिजच्या मागील बाजूच्या, वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेल्या ट्रेमध्ये असते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायला सांगितले जाते. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओलसर कडेला; ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. त्यामुळे पिंप आतून घासूनच काढावे लागते. सोसायटीच्या आवारात धूरफवारणी झाली की रहिवाशांना हायसे वाटते खरे, पण त्या धुराने मरतात ते केवळ उडणारे डास. पिंपातल्या अळ्यांना त्याची झळ लागत नाही.

[घराचा अंतर्भाग. खाटेवर पडलेली शाळकरी मुलगी, उशाशी थर्मामीटर.]

हा डास दिवसा चावतो आणि एकाच वेळी पोट न भरता एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून एका घरातील दोघे-तिघे पाठोपाठ आजारी पडू शकतात. तापाच्या पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो; त्या दिवसांत रुग्णाने दुपारीही मच्छरदाणीत झोपणे हे घरातील इतरांच्या हिताचे आहे. तापावर पॅरासिटामॉल द्यावे, तेही मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. अंगदुखी असह्य झाली म्हणून घरातल्या डब्यातील आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्या व्यक्तीला ताप आला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. त्याला प्रतिजैविके लागतात, डेंग्यूवर त्यांचा उपयोग नसतो.

[भिंतीवरील दिनदर्शिका. तापाच्या पहिल्या दिवसाभोवती पेनाने केलेले वर्तुळ.]

ताप ज्या दिवशी आला ती तारीख दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी. पहिल्या ५ दिवसांत रक्तातील विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम. त्यामुळे डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा याच तारखेविषयी असतो. पण तारखेचे खरे काम पुढे आहे. साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरातील माणसे सुटकेचा श्वास टाकतात, वडील कामावर जातात, आणि नेमके तेव्हापासूनचे २४ ते ४८ तास काही रुग्णांसाठी सर्वांत धोक्याचे ठरतात. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब घसरू शकतो. अंग थंड लागते ते बरे वाटते म्हणून, की रक्ताभिसरण मंदावले म्हणून, हे केवळ कपाळाला हात लावून कळत नाही. पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती किंवा विनाकारण चिडचिड, आणि लघवी फार कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र सरण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लहान मुलाने ४ ते ६ तास लघवी केलेली नसेल तर तेवढे कारणही पुरेसे आहे.

आपल्याकडे या दिवसांत सारे घर प्लेटलेट्सच्या, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींच्या, आकड्याभोवती फिरते आणि कोणीतरी पपईची पाने शोधायला बाहेर पडते. रक्तस्राव नसेल, तर प्लेटलेट्स १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याची गरज सहसा नसते. जीव वाचवतो तो योग्य वेळी, योग्य प्रमाणात दिलेला द्रव. म्हणून पेज, ताक, ओआरएस थोडे थोडे देत राहावे.

[खिडकीशी बसलेली आजी. शेजारी गोळ्यांचा डबा.]

घरातील वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. त्यांना ताप कमी येतो, थकवा मात्र फार जाणवतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नये आणि न विचारता चालूही ठेवू नये. पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे गोळ्यांचा डबा ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना नारळपाणी विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

[पुन्हा ती मुलगी. ती पेज मागते आहे.]

भूक परतते, लघवी मोकळी होते, आणि मग अनेकदा हातापायांवर लालसर पुरळ उठून त्यात पांढरे ठिपके दिसू लागतात, तळव्यांना सडकून खाज सुटते. ताप उतरला तेव्हा निर्धास्त झालेले आईवडील आता घाबरून पुन्हा दवाखान्यात धावतात. भूक आणि लघवी ठीक असताना आलेली ही खाज बरे होण्याची असते.