सही दोघांची, हप्ता कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

मी वकिली करते. लग्न न करता एकत्र राहिलेली जोडपी वेगळी झाल्यावर माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा दोघांपैकी एकच जण येतो, आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. माणूस निघून गेला, सामानाची वाटणी झाली, पण संसारासाठी काढलेलं कर्ज तसंच आहे. ते कुणी फेडायचं?

एका तरुणीचं सांगते. प्लास्टिकची फाईल छातीशी धरून आली होती. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, आमचं लग्न झालेलं नव्हतं. मग त्याच्या कर्जाशी माझा काही संबंध नाही ना?" मी फाईल मागून घेतली. फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन आणि घराची डागडुजी, एवढ्यासाठी घेतलेलं कर्ज. हप्त्याचे पैसे त्याच्या खात्यातून जायचे, म्हणून तिच्या मनात ते त्याचं कर्ज होतं. मी पानं उलटत शेवटच्या पानावर आले. तिथं खाली दोन चौकटी. एकीत छापलेलं, 'कर्जदार'. दुसरीत, 'सहकर्जदार'. त्या दुसऱ्या चौकटीवर मी बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "ही सही माझीच आहे. पण तो म्हणाला होता, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

पाच महिने झाले होते वेगळं होऊन. सामान सगळं त्याच्याकडे. त्यानं हप्ते थांबवले होते, तो फोन उचलत नव्हता, आणि वसुलीचे फोन रोज हिला येत होते.

श्रोतेहो, नात्यामुळे कर्ज लागू होत नाही आणि नातं तुटल्यामुळे ते सुटतही नाही. धनको, म्हणजे कर्ज देणारा, कागद बघतो. कागदावर ज्याची सही, त्याच्याकडून तो पैसे मागणार. तुम्ही एकत्र राहता, वेगळे झालात, चूक कुणाची होती, घर सोडून कोण गेलं, यातलं काहीही त्या करारात लिहिलेलं नसतं. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जोडीदारानं एकट्याच्या सहीनं कर्ज काढलं असेल, तर केवळ त्याच्याबरोबर एका छताखाली राहत होता म्हणून ते तुमच्या माथी येत नाही. वसुलीवाला दारात येऊन "तुम्ही पण इथंच राहत होतात ना" म्हणाला, तर घाबरून त्याच्या हातात पैसे ठेवू नका. आधी विचारा, माझी सही कुठं आहे ते दाखवा.

आता करारातल्या ज्या शब्दांवर सगळं अडतं, त्यांच्याकडे वळते. कर्जाच्या कागदात एक वाक्य बहुधा असतंच. कर्जदार 'संयुक्तपणे आणि पृथकपणे' जबाबदार राहतील. वाचताना डोळे त्यावरून घसरून जातात. अर्थ मात्र फार जड आहे. समजा शंभर रुपये देणं आहे आणि सह्या दोघांच्या आहेत. सर्वसाधारण माणूस मनात धरतो की माझे पन्नास, त्याचे पन्नास. मी माझे पन्नास भरले की मी मोकळी. धनकोच्या लेखी असे पन्नास-पन्नास नसतातच. त्याच्या लेखी तुम्ही शंभर देणं लागता आणि तोही शंभर देणं लागतो. शंभर एकदाच वसूल होणार, पण ते कुणाकडून करायचे हे धनको ठरवणार. आणि तो कुणाला गाठतो? जो सापडतो त्याला. ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याचा पत्ता बदललेला नाही, जो फोन उचलतो. म्हणजे प्रामाणिक माणसाच्याच मागे तगादा लागतो. याचा मला दर वेळी राग येतो, पण कायदा असाच आहे, आणि तो एखाद्याच देशातला नाही. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यात ४३ वं कलम हेच सांगतं. संयुक्त वचन दिलेलं असेल, तर उलट काही ठरलेलं नसताना, पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागता येते. जर्मनीच्या नागरी संहितेत ४२१ व्या कलमात हेच तत्त्व आहे.

त्याच ४३ व्या कलमात दिलासा देणारा भागही आहे. ज्यानं सगळं भरलं, तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर वाटे समसमान. जर्मन संहितेतही, ४२६ व्या कलमात, तसंच आहे. म्हणजे हिशोब दोन आहेत. एक तुमचा आणि धनकोचा. दुसरा तुम्हा दोघांतला. लोक या दोन हिशोबांची गल्लत करतात आणि तिथंच फसतात. निघताना त्यानं मेसेज केलेला असतो, 'पुढचे सगळे हप्ते मी भरतो, तू काळजी करू नकोस.' ती तो मेसेज बँकेत दाखवते. बँक म्हणते, हे तुमचं आपसातलं. बँकेचं बरोबर असतं, कारण त्या ठरावात बँक सामीलच नव्हती. पण म्हणून तो मेसेज पुसून टाकू नका. दुसऱ्या हिशोबात तो सोन्यासारखा आहे. उद्या तुम्ही पैसे भरून त्याच्याविरुद्ध दावा लावलात, तर त्यानं सगळं भरायचं कबूल केलं होतं हे दाखवायला तोच कामाला येतो.

या दुसऱ्या हिशोबासाठी पुरावे आजपासून जमवायला लागा. हप्ता भरायचा तर आपल्या स्वतःच्या खात्यातून भरा, रोखीनं नाही, आणि संयुक्त खात्यातून तर नाहीच. संयुक्त खात्यातून गेलेला पैसा नेमका कुणाचा होता हे नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. वेगळं झाल्याची तारीख कुठं तरी लेखी राहू द्या, साधा ईमेल असला तरी चालेल. एकत्र राहत असताना कुणी किती किराणा भरला, कुणी विजेचं बिल दिलं, याचा मागचा हिशोब उकरायला मात्र जाऊ नका. घर चालवताना दोघांनी आपापल्या परीनं केलेला खर्च परत मिळणं फार अवघड, आणि त्या भांडणात मूळ कर्जाचा मुद्दा बाजूला पडतो. मुदतीचंही भान ठेवा. भारतात अशा वाट्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. "बघू, देईल तो कधीतरी" म्हणत थांबलेली माणसं चौथ्या वर्षी माझ्याकडे येतात. तेव्हा त्यांना नाही म्हणताना माझ्या जिवावर येतं.

लग्न झालेलं असतं तर? हा प्रश्न सगळेच विचारतात. लग्नानंही जोडीदाराचं प्रत्येक कर्ज आपोआप आपलं होत नाही. पण लग्न मोडताना बहुतेक देशांत एक न्यायालय असतं, जे मालमत्तेबरोबर देण्यांकडेही बघतं आणि वाटणी करून देतं. लग्न न झालेल्यांना अनेक ठिकाणी तो दरवाजा नाही. त्यांना साध्या करार कायद्यानं दिवाणी न्यायालयात भांडावं लागतं. इंग्लंडमध्ये कितीतरी जणांची समजूत असते की काही वर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवरा-बायकोसारखे हक्क मिळतात. तिथं तसा कायदा नाही. उलट ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांसाठी २००९ पासून कौटुंबिक न्यायालय अशा जोडप्यांची संपत्ती आणि देणी दोन्ही वाटून देऊ शकतं. फ्रान्समध्ये फरक आणखी बारीक आहे. १९९९ मध्ये तिथं नोंदणीकृत सहजीवनाचा करार आला. ज्यांनी तो केला त्यांच्यावर रोजच्या संसारासाठी काढलेल्या कर्जाची जबाबदारी मिळून येते, सही एकाचीच असली तरी, अर्थात रक्कम माफक आणि रोजच्या गरजेपुरती असेल तर. ज्यांनी काहीच नोंदवलं नाही त्यांना हा नियम लागू नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये मार्विन खटल्यात ठरवलं, की लग्न न केलेल्या दोघांनी पैशांबद्दल आपसात केलेला करार न्यायालय मान्य करू शकतं. म्हणजे काय ठरलं होतं ते सिद्ध करता आलं पाहिजे. पुन्हा कागदच.

सहीशिवायही देणं अंगावर येतं, असे अपवाद आहेत. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स नावाचा घरावरचा स्थानिक कर आहे. त्याच्यासाठी पती-पत्नीसारखे एकत्र राहणारे दोघंही संयुक्तपणे जबाबदार धरले जातात, बिल एकाच्या नावानं आलं तरी. म्हणून तिथून बाहेर पडणाऱ्यानं आपण कोणत्या तारखेला घर सोडलं हे कौन्सिलला ताबडतोब कळवावं लागतं. तुम्ही जिथं राहता तिथं असा एखादा नियम आहे का, हे एकदा विचारून घ्या.

भारतातल्या स्त्रियांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'लग्नासारखं नातं' याचाही समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात त्याच्या कसोट्या सांगितल्या. दोघं लग्नाच्या कायदेशीर वयाचे हवेत, लग्न करायला पात्र हवेत, समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले हवेत, बऱ्यापैकी काळ स्वेच्छेनं एकत्र राहिलेले हवेत. अशा नात्यात हिंसा झाली असेल, आणि आर्थिक छळ हीसुद्धा त्या कायद्यानं हिंसाच आहे, तर राहत्या घराचं संरक्षण, पर्यायी घराचं भाडं, झालेल्या नुकसानीची भरपाई असे आदेश मागता येतात. पण त्यानं पैसे द्यावेत असा आदेश मिळाला तरी बँकेच्या कागदावरची तुमची सही पुसली जात नाही. दोन हिशोब, म्हटलं ना मघाशी.

भाड्याच्या घराचं थोडं खोलात सांगते, कारण तिथं माणसं हमखास चुकतात. भाडेकरार दोघांच्या नावावर असेल तर घर सोडून जाणारा "मी आता राहत नाही, मी भाडं का देऊ" म्हणतो. राहणं थांबलं, करार थांबलेला नाही. मागे राहिलेल्यानं भाडं थकवलं तर घरमालक दोघांकडेही पूर्ण भाडं मागू शकतो, भिंतीला पडलेली भोकं आणि तुटलेली खिडकी धरून. जाणाऱ्यानं घरमालकाला लेखी कळवायचं, आपलं नाव काढून नवा करार करून घ्यायचा, आणि अनामत रकमेचं काय ते त्याच कागदात लिहायचं. घरमालकाची सही नसेल तर नाव काढलं असं समजू नका. करार एकाच्याच नावावर असेल तर दुसरा भाड्याला बांधलेला नाही, पण मग जोडीदारानं बाहेर काढल्यावर घरावर बोट ठेवायला त्याच्याकडे फारसं काही उरतही नाही.

संयुक्त खात्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत उचलायची सोय, असेल तर आजच बँकेत जा. 'दोघांपैकी कुणीही' असा व्यवहाराचा अधिकार असला तर एक जण सगळी मर्यादा उचलू शकतो आणि देणं दोघांच्या डोक्यावर बसतं. दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत, असं लेखी सांगा. क्रेडिट कार्ड एकाच्या नावावर आणि दुसऱ्याला त्यावर जादा कार्ड दिलेलं असेल, तर बिल मुख्य कार्डधारकाचं. जादा कार्ड बंद करून टाका. आणि जामीनदार म्हणून सही केली असेल तर "मी काय, नुसता जामीन" असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका. करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळं काही नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

मग यातून सुटायचं कसं? कर्ज पूर्ण फेडून, किंवा धनकोनं तुम्हाला मोकळं केल्याचा कागद देऊन. तिसरा रस्ता मला माहीत नाही. धनकोनं मोकळं करायला त्याला काही तरी कारण लागतं. राहणाऱ्याची कमाई एकट्यानं कर्ज पेलण्याइतकी असेल तर त्याच्या एकट्याच्या नावानं नवं कर्ज करून जुनं बंद करता येतं. नाही तर सामान विकून मुद्दल कमी करायचं. बँका नकार देतात, पुष्कळदा देतात. तरी विचारायचं, आणि लेखी विचारायचं.

माझ्याकडे आलेली माणसं इतकी उशिरा का येतात, याचा मी विचार केला आहे. लाज वाटते त्यांना. एकत्र राहत होतो हे आधीच कुणाला सांगितलेलं नसतं. आता ते मोडलं, वर कर्जही आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या लाजेत हप्ते थकतात, दंड चढतो, आणि थकलेला प्रत्येक हप्ता दोघांच्याही क्रेडिट स्कोअरवर उमटतो. बायांनो, दादांनो, यात लाजण्यासारखं काही नाही. विश्वासानं केलेली सही हा गुन्हा नव्हे.

त्या तरुणीनं माझ्यासमोर बसून बँकेला पत्र लिहिलं. कर्ज खात्याचा क्रमांक, वेगळं झाल्याची तारीख, आपला नवा पत्ता, बाकी रकमेचं विवरणपत्र मिळावं ही मागणी, आणि थकलेले हप्ते टप्प्याटप्प्यानं भरण्यासाठी मुदत. कर्जाची मर्यादा माझ्या लेखी संमतीशिवाय वाढवू नये, असं शेवटचं वाक्य तिनं स्वतःहून घातलं. दुसरं पत्र त्याला, नोंदणीकृत डाकेनं, तू कबूल केल्याप्रमाणे हप्ते भर, नाही तर भरलेल्या रकमेचा दावा लावीन. दुसऱ्या दिवशी ती बँकेत जाऊन पत्राच्या प्रतीवर पोच घेऊन आली. शिक्का जरा तिरका पडला होता. तिनं ती प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर लावली आणि विचारलं, "आता पहिला हप्ता कोणत्या खात्यातून भरू?"

तुमच्या फक्त एकटीच्या, मी म्हटलं.

नमस्कार.