सलाईन कमी, ऊब जास्त: अपघातात रक्त का गोठत नाही

नमस्कार मंडळी. समोर इंटर्न आहेत, सिस्टर आहेत, 108 अ‍ॅम्ब्युलन्सचे पायलट, म्हणजे ड्रायव्हर आहेत, आणि मागच्या खुर्च्यांवर गावोगावचे ते लोक आहेत जे हायवेवर धडाम आवाज आला की जेवण टाकून पळतात. मी रक्तपेढीत बसणारा डॉक्टर. ऑपरेशन मी करत नाही, पण रात्री 2 वाजता खिडकीवर येऊन नातेवाईक जे म्हणतात ना, "साहेब, रगत थांबी नही राहिनं", ते वाक्य आमच्याच वाट्याला येतं. आज त्याच वाक्याबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे धुळ्यावरून आग्रा रोड जातो, सुरत-नागपूर हायवे जातो, रावेर-सावद्याचे केळीचे ट्रक रात्रभर पळतात, त्यात ट्रॅक्टर, थ्रेशर, जिनिंगचे अपघात वेगळेच. आणि वर धडगाव-अक्कलकुव्याकडून पेशंट घाट उतरून नंदुरबारला येईपर्यंत दोन तास सहज जातात. आता बहुतेकांना वाटतं की जखम मोठी म्हणून रक्त थांबत नाही. ते खरंय, पण अर्धंच. मोठा मार लागला आणि बीपी पडलं की रक्त गोठवायची जी यंत्रणा असते ती स्वतःच बिघडते, आणि हे दवाखान्यात पोचायच्या आधीच झालेलं असतं. लंडनमध्ये 2003 साली 1,088 जखमींचा अभ्यास छापून आला, त्यात साधारण 4 मधल्या 1 पेशंटचं गोठणं दारात येतानाच बिघडलेलं होतं, आणि अशांमध्ये मृत्यू 46 टक्के, बाकीच्यांत 11. त्याआधी सगळे म्हणायचे की सलाईनने रक्त पातळ होतं म्हणून हे होतं, पण इथे सलाईन किती दिलं याच्याशी त्याचा संबंध लागेना.

मग होतं काय? शरीराला रक्त पोचेना झालं की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चवताळतं. प्रोटीन सी नावाचा एक पदार्थ जागा होतो, तो गोठवणारे फॅक्टर पाच आणि आठ बंद पाडतो, आणि दुसरीकडे झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा सुसाट सुटते. म्हणजे एकीकडे गुठळी बनत नाही आणि बनली ती टिकत नाही. फायब्रिनोजेन, ज्याचे धागे होऊन गुठळीची जाळी विणली जाते, ते सगळ्यात आधी संपतं. नॉर्मल दर 100 मिलीला 200 ते 400 मिलिग्रॅम असतं, 150 च्या खाली गेलं की सर्जनने कितीही टाके घातले तरी चहूबाजूंनी झिरपत राहतं.

आणि यावर आपण काय करतो, तर सलाईन. दोन्ही हातांना दोन, फुल स्पीड. शेवभाजीचा रस्सा पुरेना म्हणून पाणी ओतत गेलं की पातेलं भरतं पण भाजीची चव जाते, तसं बीपीचा आकडा दिसतो आणि रक्तातलं गोठवणारं सगळं पातळ होतं. वर ती बाटली गार असते, पेशंटचे कपडे कापलेले असतात, गाडीत एसी चालू. लोक मला म्हणतात, साहेब जळगावात 44 डिग्रीत कोण गार पडतो? पडतो हो, रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गार पडतो, आणि जानेवारीत धुळ्याच्या पहाटे तर विचारूच नका. शरीर 34 डिग्रीच्या खाली गेलं की प्लेटलेट, म्हणजे जखमेला चिकटून भोक बुजवणारे रक्तातले बारीक कण, नीट चिकटत नाहीत, फॅक्टर मंदावतात, रक्तात आम्ल वाढलं की आणखी मंदावतात. म्हणून डोक्याला मार नसेल तर रक्त थांबेपर्यंत वरचं बीपी 80-90 राहिलं तरी चालतं, 120 चा हट्ट नको. डोक्याला मार असेल तर मात्र हे लागू नाही, तिथे बीपी पडू द्यायचं नाही. आणि घोंगडी, गोधडी, जे हाताला लागेल ते पांघरा. फुकटचा उपचार आहे आणि सगळ्यात जास्त विसरला जातो.

आता रिपोर्टचं सांगतो, कारण माझा सगळ्यांशी वाद इथेच होतो. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, पाठवतात आणि रिपोर्टची वाट बघत बसतात. पाऊण तास, एक तास जातो. बरं, ती टेस्ट लॅबमध्ये सॅम्पल 37 डिग्रीला गरम करून होते. म्हणजे पेशंट 33 वर थंडगार पडलाय, रक्त वाहतंय, आणि कागदावर नॉर्मल! शिवाय ती फक्त प्लाझ्मावर, म्हणजे रक्ताच्या पिवळसर पाण्यावर होते, त्यात प्लेटलेटचं काम दिसत नाही, गुठळी विरघळतेय का हेही दिसत नाही. हे दाखवणारी मशिनं आहेत, टेग आणि रोटेम, थेंबभर रक्तात गुठळी कशी बनते, किती घट्ट होते, कधी विरघळते याचा आलेख देतात. टेगची पद्धत हार्टर्ट नावाच्या जर्मन माणसाने 1948 मध्येच काढलेली. चांगलीच आहेत, पण ती नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. सापाच्या केसमध्ये तुम्ही काचेच्या बल्बमध्ये 20 मिनिटं रक्त ठेवून गोठतं का बघता ना, इथे तेवढाही वेळ नसतो. नाडी पळतेय, बीपी पडलंय, सुईच्या जागेतून झिरपतंय, बस. सॅम्पल पाठवा, फायब्रिनोजेन आणि कॅल्शियम मागा, निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा, सलाईन चालू असलेल्या हातातून काढू नका, आणि उपचार सुरू करा.

पहिलं इंजेक्शन ट्रानेक्सॅमिक अॅसिड. झालेली गुठळी विरघळू न देणारं, जपानमध्ये ओकामोतो पती-पत्नींनी शोधलेलं, जुनं, स्वस्त. 2010 साली क्रॅश-2 नावाच्या त्यावरच्या अभ्यासाचा निकाल आला, 40 देश, 20 हजारांवर पेशंट, आणि मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 वर आले. 1 ग्रॅम 10 मिनिटांत, मग 1 ग्रॅम 8 तासांत. पण 3 तासांच्या आत! त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने मृत्यू वाढलेले दिसले. म्हणून घाटातून येणाऱ्या पेशंटला मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर देऊ असं म्हणू नका, ग्रामीण रुग्णालयातच द्या आणि चिठ्ठीवर वेळ लिहा.

मग रक्त. नुसत्या पीसीव्हीच्या, म्हणजे फक्त लाल पेशींच्या पिशव्या चढवत गेलात तर त्यात गोठवणारं काहीच नाही, म्हणून पीसीव्ही, एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) आणि प्लेटलेट जवळपास सारख्या संख्येने. एफएफपी गोठलेलं असतं, ते वितळवायला अर्धा तास लागतो, तेव्हा फोन आधी करा, पेशंट वाटेत असतानाच. फायब्रिनोजेन कमी तर क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनवाला भाग, मोठ्या माणसाला साधारण 10 पिशव्या. आणि पिशवीत सायट्रेट असतं ते पेशंटचं कॅल्शियम खातं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही, तर कॅल्शियम द्यायचं.

घरच्यांसाठी एकच. म्हाताऱ्या माणसाला घेऊन येताना गोळ्यांची पिशवी सोबत आणा. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन अशी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर उपचार बदलतो.

मागून एक भाऊ विचारतायत की परवा रक्त गोठायचं औषध दिलं आणि काल पातळ करायचं इंजेक्शन लिहिलं, डॉक्टर गोंधळलेत का? नाही हो. रक्तस्राव थांबला की दिवस-दोन दिवसांत शरीर उलट्या बाजूला झुकतं, पडून राहिलेल्या पायात गुठळी होते, ती फुप्फुसात गेली की जीव जातो. म्हणून रक्तस्राव पक्का थांबलाय बघून हेपारिन, म्हणजे ते पातळ करायचं इंजेक्शन, सुरू करतात. ते बंद करा म्हणून भांडू नका, काय बघून सुरू केलं ते विचारा, विचारायचा हक्क तुम्हाला आहेच.