खोबरेल केसाला लागते, केसाच्या मुळाला नव्हे

(टेबलावर खोबरेलाची बाटली, कोमट पाण्याची वाटी आणि मोठ्या दातांचा कंगवा.)

नमस्कार. माझ्या हातातली ही बाटली मी आता आपल्यासमोर उपडी करते आहे, आणि आपण पाहतच आहात की तिच्यातून एक थेंबही खाली पडत नाही. जानेवारीतली सकाळ आहे, खोलीतला पारा 24 अंश सेल्सिअसच्या बराच खाली उतरला आहे, आणि म्हणून दिवाळीपर्यंत पाण्यासारखे वाहणारे खोबरेल आज पांढरे होऊन बसले आहे. पूर्वी अशी बाटली न्हाणीघरातल्या बंबाशेजारी ठेवली जाई. मी ती या कोमट पाण्याच्या वाटीत ठेवते, आणि ती पातळ होईपर्यंत हे तेल का थिजते, एवढ्या एका प्रश्नापासून सुरुवात करते, कारण केसांच्या बाबतीत खोबरेल इतर तेलांहून वेगळे का ठरते याचे उत्तर त्याच प्रश्नात दडलेले आहे.

खोबरेलात निम्म्याच्या जवळपास, म्हणजे साधारण 45 ते 50 टक्के, लॉरिक आम्ल नावाचे एकच मेदाम्ल असते. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी, आणि लॉरिक आम्लाची साखळी 12 कार्बनची, तुलनेने आखूड आणि अगदी सरळ असते. सरळ काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येते, तशी या साखळ्या थोडा गारवा मिळताच एकमेकींना चिकटून बसतात आणि तेल थिजते. सूर्यफुलाच्या तेलातल्या बहुतेक साखळ्या 18 कार्बनच्या आणि मध्येच वाकलेल्या असल्यामुळे त्यांची अशी मोळी बांधली जात नाही, आणि ते तेल आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही पातळच राहते. आखूड आणि सरळ असणे हा गुण लक्षात ठेवावा. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

आता केसाकडे वळू. आपल्याला दिसणारा केस हा जिवंत अवयव नसून केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो. जिवंत भाग त्वचेच्या आत, मुळाशी असतो; बाहेर आलेल्या धाग्याला रक्तपुरवठा नसतो, तो स्वतःची डागडुजी करू शकत नाही, आणि म्हणून एकदा झालेली झीज त्याच्या अंगावर कायम राहते. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतो असे धरले, तर खांद्याखाली रुळणाऱ्या 36 सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक जवळजवळ तीन वर्षांचे असते. त्या टोकाने तीन पावसाळे, तीन मे महिने, आठवड्यातून दोनदा न्हाणे धरल्यास तीनशेच्या आसपास धुणी आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा फिरलेला कंगवा सोसलेला असतो. टोके फाटतात यात नवल नाही; ती इतकी टिकतात हेच नवल म्हणावे लागेल.

या धाग्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवल्यांचे आवरण असते. केस भिजला की आतला भाग पाणी पिऊन फुगतो आणि ही कौले किंचित उचलली जातात. वाळला की तो आकसतो आणि कौले पुन्हा खाली बसतात, पण दर वेळी पूर्वीसारखी नीट बसतातच असे नाही. शॅम्पूने तेलकटपणा निघून गेलेल्या ओल्या केसातून कंगवा ओढला की अशी उचललेली कौले तुटतात, आणि आतले प्रथिन हळूहळू पाण्याबरोबर निघून जाते. निर्जीव, चरचरीत, गुंतणारे केस अशी जी तक्रार आपण करतो, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते.

खोबरेलाचे खरे काम इथे आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल, म्हणजे पेट्रोलियमपासून शुद्ध करून काढलेले तेल, या तिघांची तुलना प्रसिद्ध केली. चांगल्या आणि रसायनांनी खराब झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या केसांना तेल लावून, ते धुऊन आणि विंचरून, किती प्रथिन बाहेर पडते हे त्यांनी मोजले. प्रथिनांची झीज ठळकपणे कमी केली ती फक्त खोबरेलाने. उरलेली दोन तेले केसाला चमक देत होती, पण झीज थांबवण्याच्या कामी फारशी पडली नाहीत. त्याआधी, 2001 साली, याच दोघांचा सहभाग असलेल्या आणखी एका अभ्यासात केसाचे आडवे छेद घेऊन तपासले गेले, तेव्हा खोबरेल धाग्याच्या आत शिरलेले आढळले आणि खनिज तेल आत गेलेले आढळले नाही. इथे एक गोष्ट सांगणे मी आवश्यक समजते: हे दोन्ही संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम करत होते. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, आणि आखूड, सरळ, प्रथिनाशी सलगी करणारी साखळी आत शिरावी हे रसायनशास्त्राला धरूनच आहे. तरीही ऐकणाऱ्याला ही बाब ठाऊक असावी.

तेल आत मुरले की तेवढे पाणी कमी आत शिरते, केस कमी फुगतो आणि कौले कमी उचलली जातात. यावरून तेल केव्हा लावावे याचे उत्तर आपोआप मिळते: न्हाण्यापूर्वी. आपल्यापैकी पुष्कळजण न्हाऊन झाल्यावर, केस वाळवून, वर चपचपीत तेल थापून वेणी घालत मोठे झालो. त्या तेलाने केस बसतात आणि चमकतात, पुढच्या धुण्यापर्यंत ते थोडे मुरतेही, पण त्याबरोबर दिवसभर धूळ चिकटते, आणि मग ती काढायला जास्त शॅम्पू लागतो. त्यापेक्षा न्हाण्याच्या आदल्या रात्री, किंवा निदान दोन-तीन तास आधी, कोरड्या केसांना तेल लावावे. मुरायला वेळ लागतो. शॅम्पूआधी पाच मिनिटे चोळलेले तेल बहुतांशी मोरीतच जाते.

(कंगवा हातात घेऊन.)

प्रमाणाबद्दल माझे मत थोडे कंजूषपणाचे आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचा एक चमचा तेल पुरते. ते तळहातावर चोळून प्रथम टोकांना, मग मधल्या लांबीला लावावे आणि हातावर उरलेले शेवटी डोक्याकडे न्यावे, म्हणजे आपण नेहमी करतो त्याच्या नेमके उलट, कारण सर्वांत जुना आणि झिजलेला भाग टोकाचा असतो. मग या मोठ्या दातांच्या कंगव्याने ते हलकेच पसरवावे. तेल कडकडीत तापवण्याची काही गरज नाही. ते पातळ झाले म्हणजे पुरे. ज्यांचे केस मुळातच बारीक आणि विरळ आहेत, त्यांना एवढेही जड वाटू शकते, आणि त्यांनी फक्त टोकांपुरते लावले तरी चालते.

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक लोक असा व्हिडिओ उघडतात, तो घेते. खोबरेलाने केस उगवतात का? उगवत नाहीत. केस उगवणे हे मुळाचे काम आहे, आणि मूळ रक्तातून आलेल्या अन्नावर आणि संप्रेरकांच्या इशाऱ्यांवर चालते. डोक्याच्या त्वचेवर पसरलेल्या तेलाने त्याचे पोषण होत नाही. चोळण्याने बरे वाटते, झोप चांगली लागते, आणि एवढ्यासाठी कुणी चोळत असेल तर माझी हरकत नाही. तेल लावलेले केस कमी तुटतात, म्हणून काही महिन्यांनी ते दाट आणि लांब वाटू लागतात, आणि ‘तेलाने केस वाढले’ हा समज तिथून येत असावा असे मला वाटते. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी झुपक्याने केस गळू लागतात, त्याचे कारण तेल कमी पडले हे नसते, आणि ते बहुधा आपोआप थांबते. भांग रुंद होत चालला असेल, किंवा डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसत असेल, तर बाटली बदलत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

कोंड्याच्या बाबतीत तर आपला समज थेट उलटा आहे. कोंडा म्हणजे कोरडेपणा, आणि कोरडेपणावर तेल, असा सरळ हिशेब घरोघरी मांडला जातो. पण चिकट, पिवळसर, खाज आणणारा जो कोंडा असतो, त्यात मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा वाटा असतो, आणि ही बुरशी त्वचेवरच्या स्निग्धतेवरच जगते. तेल लावल्यावर खपल्या ओल्या होऊन केसांना चिकटतात, दोन दिवस दिसेनाशा होतात, आणि आपल्याला गुण आल्यासारखे वाटते. अशा कोंड्यावर किटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन यांपैकी एखादे बुरशीनाशक असलेला शॅम्पू डोक्यावर काही मिनिटे ठेवून धुणे हा मार्ग आहे, आणि तेवढ्या काळापुरते तेल केसांच्या लांबीलाच लावावे.

ओघाने बाळाची ‘टाळू भरण्या’चा विषय येतो, कारण आजही कितीतरी घरांत न्हाऊ घालणाऱ्या बाई तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल जिरवतात आणि त्याने टाळू भरते असे मानले जाते. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न जुळलेली जागा. मेंदू वाढत असताना ती मोकळी असणे गरजेचे असते, आणि बहुतेक मुलांमध्ये हाडे वाढून ती साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप बंद होते. तेल हाडांपर्यंत जात नाही. हलक्या हाताने, न दाबता, थोडे तेल लावण्याने बिघडत काही नाही. बाळाच्या नाकात मात्र तेलाचा थेंबही सोडू नये, कारण तो श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आणू शकतो. आजीशी या मुद्द्यावर थोडा वाद झाला तरी तो घालावा.

त्वचेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे खोबरेल चांगले आहे, पण एकमेव नाही. 2004 साली फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या 34 जणांवर दोन आठवडे एक चाचणी झाली. काहींना खोबरेल आणि काहींना खनिज तेल दिवसातून दोनदा लावले, आणि दोघांचाही गुण जवळपास सारखाच आला. केसाच्या आत न शिरणारे खनिज तेल त्वचेवर मात्र बरोबरीने चालते, याचे कारण तिथे काम मुरण्याचे नसून आतले पाणी उडू न देण्याचे आहे. म्हणूनच थंडीत भेगाळणाऱ्या टाचा, पिंढऱ्या आणि कोपरे यांना अंघोळीनंतर, अंग टिपून घेतल्यावर, त्वचा जराशी ओलसर असतानाच तेल लावावे. त्याच देशात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत इसबाचा त्रास असलेल्या 117 मुलांना आठ आठवडे तेल लावले, आणि तिथे ताज्या नारळाचे तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले.

चेहऱ्याला मात्र, विशेषतः मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला, मी खोबरेल लावा असे म्हणणार नाही. ते रंध्रे बुजवू शकते. केसांना लावलेले स्निग्ध पदार्थ कपाळावर उतरून तिथे बारीक पुळ्या येतात, हे 1970 सालीच त्वचातज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. शाळकरी मुलामुलींच्या कपाळावर केसांच्या कडेने उठणारी पुरळ पाहावी. रात्री तेल लावून झोपल्यास डोक्याला जुने सुती फडके गुंडाळावे, म्हणजे कपाळ आणि उशीची खोळ दोन्ही वाचतात. उन्हापासून संरक्षणासाठीही खोबरेलावर विसंबू नये.

(बाटली वाटीतून काढून कॅमेऱ्याकडे लेबल वळवत.)

आता ही बाटली वितळली आहे, तेव्हा तिचे लेबल वाचू. यावर केसांचा एकही शब्द नाही. हे खाद्य तेल म्हणून विकले जाते. आपण पिढ्यानपिढ्या डोक्याला लावत आलो ते तेल कागदोपत्री खाण्याचे कसे, हा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात होता, कारण खाद्य तेलावर कर कमी आणि केशतेलावर जास्त होता. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले नाही. अखेर 18 डिसेंबर 2024 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केशतेल ठरत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये केशतेलावरचा जीएसटीही 18 वरून 5 टक्क्यांवर आल्यामुळे हा वाद बराचसा निस्तेज झाला आहे. ग्राहक म्हणून आपल्याला यातून एक सोपी खूण मिळते: ज्यावर माका, जास्वंद, आवळा यांची चित्रे आहेत अशा केशतेलाच्या घटकांत ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ हे नाव सुरुवातीलाच दिसले, तर आपण प्रामुख्याने खनिज तेल विकत घेत आहात, आणि आत मुरण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

शुद्ध खोबरेल दोन तऱ्हांनी मिळते. एक सुक्या खोबऱ्याचे, घाण्यावर किंवा गिरणीत काढलेले, भाजक्या वासाचे. दुसरे ओल्या नारळाच्या दुधापासूनचे, जे हल्ली ‘व्हर्जिन’ नावाने महाग मिळते. कोकणात नारळाचे दूध मंद आचेवर आटवून घरीच तेल काढतात, त्याला आवेल म्हणतात. तेही दुधापासूनच येते, फक्त उष्णतेने. मेदाम्लांचे प्रमाण दोन्ही तऱ्हांत जवळपास सारखेच असल्यामुळे केसांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

फ्रीजमध्ये ठेवून थिजले की तेल शुद्ध, ही चाचणीही अर्धीच खरी आहे. बरेच खनिज तेल मिसळलेले असेल तर वर पातळ थर राहतो आणि चोरी पकडली जाते, परंतु पाम फळाच्या गरातल्या बियांच्या तेलातही लॉरिक आम्ल भरपूर असल्याने तेही तसेच शहाण्यासारखे थिजते. त्यापेक्षा ओळखीच्या घाण्यावरून थोडे-थोडे आणावे, ओली बोटे बाटलीत बुडवू नयेत, आणि उन्हापासून दूर ठेवावे. खवट वास येऊ लागलेले तेल डोक्याला लावू नये. ते समईत घालावे, तिथे ते तितकेच चांगले जळते.