नेब्रास्काच्या मुख्य प्रशिक्षकाचे पद

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबर सरत आला की जुन्या मुख्य प्रशिक्षकांना निरोप देऊन नवे शोधण्याची धांदल उडते. हा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकन खेळ, हे प्रथमच सांगून ठेवतो. कोणत्या विद्यापीठाचे पद चांगले आणि कोणते टाळावे, याची चर्चा त्या दिवसांत देशभर चालते. परंतु ती बहुधा पगाराचा आकडा आणि संघाचा इतिहास यांपाशीच थांबते. माझ्या मते प्रशिक्षकाने तपासायची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडून जेवढे यश मागितले जाणार आहे, तेवढे त्या भूमीतून आणि त्या व्यवस्थेतून निघण्याजोगे आहे का, हा तो खरा प्रश्न होय. या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा पाहणारे पद म्हणून मी आज नेब्रास्का विद्यापीठाविषयी बोलणार आहे.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील, मक्याच्या आणि गुराढोरांच्या शेतीचे राज्य. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या सुमारे दोन तृतीयांश भरेल. पण लोकसंख्या 2020च्या जनगणनेनुसार वीस लाखांच्याही आत, म्हणजे एकट्या पुणे शहराहून कमी. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा मोठा संघ नाही. त्यामुळे राजधानी लिंकन येथील विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ आहे. तेथील मेमोरियल स्टेडियमची तिकिटे 1962पासून प्रत्येक सामन्याला संपूर्ण विकली गेली आहेत, आणि हा क्रम चारशेहून अधिक सामने अखंड चालू आहे. संघ हरत असतानाही मैदान भरते. असा प्रेक्षकवर्ग लाभणे ही कोणत्याही प्रशिक्षकाला मोहात पाडणारी गोष्ट आहे, आणि ती कितीही पैसा ओतून उभी करता येत नाही.

या निष्ठेमागे एक सुवर्णकाळ आहे. बॉब डेव्हेनी 1962मध्ये प्रशिक्षक झाले आणि त्यांनी 1970 व 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांच्यानंतर 1973मध्ये त्यांचे सहायक टॉम ऑसबर्न आले आणि पंचवीस हंगाम राहिले. या पंचवीस हंगामांत त्यांच्या संघाने एकाही हंगामात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, आणि हंगामात साधारण बाराच सामने असत; एकूण 255 विजय, 49 पराभव आणि 3 बरोबरी. 1994, 1995 आणि 1997 या वर्षांची विजेतेपदेही त्यांच्या नावावर आहेत, त्यांपैकी शेवटचे मिशिगन विद्यापीठाबरोबर वाटून मिळालेले.

या यशाची बांधणी नीट पाहण्याजोगी आहे, कारण पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या अडचणीचे मूळ तिच्यातच आहे. टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या राज्यांतील शाळांमधून दरवर्षी उत्तम खेळाडू मोठ्या संख्येने बाहेर पडतात. नेब्रास्कात ते मोजकेच निघतात. ऑसबर्न यांनी ही उणीव दोन मार्गांनी भरून काढली. चपळ खेळाडू त्यांनी दूरच्या राज्यांतून आणले, आणि त्यांच्या जोडीला नेब्रास्कातील गावोगावची धिप्पाड, कष्टाळू मुले शिष्यवृत्तीविना संघात घेतली. ही मुले स्वखर्चाने शिकत, सराव करत, दोन-तीन वर्षे वाट पाहत आणि मग त्यांतील काही जण मुख्य संघात उतरत. चेंडू लांब फेकण्यापेक्षा तो घेऊन धावण्यावर भर देणारी खेळाची पद्धतही अशा मुलांना साजेशी होती. जे जवळ आहे त्याच्यावर उभी केलेली ती व्यवस्था होती, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

पुढे मात्र परिस्थिती पालटली आणि अपेक्षा तशीच राहिली. ऑसबर्न यांचे उत्तराधिकारी फ्रँक सोलिच यांनी सहा हंगामांत 58 सामने जिंकले आणि केवळ 19 गमावले, तरीही 2003मध्ये नियमित सामन्यांत नऊ विजय मिळवल्यावर त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर प्रशिक्षकाचा शोध इतका लांबला की बिल कॅलहन यांची नेमणूक होईपर्यंत जानेवारी उजाडला. नऊ सामने जिंकूनही जेथे नोकरी जाते, तेथे जाण्याआधी शहाणा माणूस दहादा विचार करणारच. पुढे बो पेलिनी यांनीही सातही पूर्ण हंगामांत किमान नऊ विजय मिळवले आणि 2014च्या अखेरीस त्यांनाही जावे लागले. माझ्या दृष्टीने या पदाची किंमत सर्वांत जास्त उतरली ती या दोन निर्णयांमुळे. पराभवांमुळे ती तेवढी उतरली नव्हती.

याच काळात, 2011मध्ये, नेब्रास्काने बिग ट्वेल्व्ह हा आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट सोडून बिग टेन या दुसऱ्या गटात प्रवेश केला. दूरचित्रवाणीचे उत्पन्न वाढले हे खरे. परंतु टेक्सासमधील विद्यापीठांशी होणारे नेहमीचे सामने संपले. आपला मुलगा घराजवळच्या मैदानावर खेळताना दिसेल, असे ह्यूस्टन किंवा डॅलसमधील पालकांना सांगण्याची सोय त्याबरोबर गेली. समोर ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट यांसारखे बलाढ्य संघ आले, आणि 2024पासून ऑरेगन, वॉशिंग्टन व दक्षिण कॅलिफोर्नियाचे संघही त्याच गटात आले आहेत.

स्कॉट फ्रॉस्ट यांची कहाणी मला अजूनही चटका लावते. नेब्रास्काचेच सुपुत्र, 1997च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे सांभाळणारे खेळाडू, सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला 2017मध्ये एकही सामना न हरता पुढे नेणारे प्रशिक्षक. 2018च्या हंगामापासून ते नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांच्याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता, असे साऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात त्यांनी 16 सामने जिंकले आणि 31 गमावले. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाली निघालेल्या, म्हणजे अटीतटीच्या, सामन्यांत तर त्यांचा हिशेब पाच विजय आणि बावीस पराभव असा होता. सप्टेंबर 2022मध्ये जॉर्जिया सदर्न या तुलनेने दुबळ्या संघाकडून घरच्या मैदानावर हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दूर केले गेले. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मुदतीआधी संपवल्याबद्दल विद्यापीठाला द्यावी लागणारी सुमारे दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती, पण तेवढाही धीर उरला नव्हता.

अशा भरपाईच्या रकमांमुळे पदाचे आर्थिक आकर्षण वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2023मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढले तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेचे देणे अंगावर घेतले. तरीही पैसा सगळ्यांना बांधून ठेवत नाही. चिप केली यांनी फेब्रुवारी 2024मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून ओहायो स्टेटमध्ये सहायकाचे काम पत्करले. खेळाडूंना 2021पासून स्वतःच्या नावावर, उदाहरणार्थ जाहिरातींतून, उत्पन्न मिळवता येते, संघ बदलणे सोपे झाले आहे, आणि 2025पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ शकतात. मुख्य प्रशिक्षकाचा कितीतरी वेळ आता देणगीदारांना भेटण्यात आणि खेळाडू टिकवण्यात जातो. ज्याला मैदानावर शिकवण्याची ओढ आहे, त्याला हे काम जड जाते.

या बदलांचा नेब्रास्काला एक लाभ झाला. निष्ठावंत आणि उदार पाठीराखे असलेल्या विद्यापीठाला दूरचे खेळाडू आणणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मात्र त्याच 2025च्या व्यवस्थेत संघातील खेळाडूंची संख्या 105वर मर्यादित झाली, आणि शिष्यवृत्तीविना वाढणाऱ्या गावाकडच्या मुलांची जी परंपरा ऑसबर्न यांनी जोपासली, तिला कात्री लागली. मला याचे मनापासून वाईट वाटते. ती मुले म्हणजे संघाला राज्यातील प्रत्येक तालुक्याशी जोडणारे नाते होते.

सध्याचे प्रशिक्षक मॅट रूल नोव्हेंबर 2022मध्ये आठ वर्षांच्या, 7 कोटी 40 लाख डॉलरच्या करारावर आले. टेंपल आणि बेलर या दोन्ही विद्यापीठांत त्यांनी पहिल्या वर्षीच्या दारुण पराभवांतून संघ वर काढले होते. बेलरमध्ये तर एका विजयापासून तिसऱ्या वर्षी अकरा विजयांपर्यंत. आठ वर्षांचा करार म्हणजे विद्यापीठाने दिलेली धीराची लेखी हमी होती, आणि सोलिच व पेलिनी यांच्या वाट्याला नेमका तोच धीर आला नव्हता. ऑक्टोबर 2025मध्ये पेन स्टेटचे पद रिकामे झाले. रूल स्वतः त्या विद्यापीठाचे माजी खेळाडू. भोवतालच्या राज्यांत खेळाडू भरपूर, मैदान एक लाखाहून अधिक प्रेक्षकांचे. त्यांचे नाव तेथे घेतले जात असतानाच त्यांनी नेब्रास्काशी 2032पर्यंतचा वाढीव करार केला. नेब्रास्कात त्यांचा संघ तोवर एकाही हंगामात सातांहून अधिक सामने जिंकलेला नव्हता, आणि तरीही विद्यापीठाने त्यांना थांबवून घेतले. सोलिच यांना नऊ विजयांवर घरी पाठवणाऱ्या विद्यापीठाने हे केले, म्हणून पुढे कधी ही जागा रिकामी झाली तर चांगल्या प्रशिक्षकांचे अर्ज येतील, असे मला वाटते.

नमस्कार.