पीच लावताय? मग फेब्रुवारीवर लक्ष ठेवा

नमस्कार श्रोतेहो. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या पुष्कळ मराठी घरांमागे एका झाडापुरती जागा असते. तिथे आंबा येत नाही म्हणून हळहळणाऱ्यांना मी पीच लावायला सांगते, आणि त्यातही रिलायन्स. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या एल्विन मीडर यांनी तयार केलेली ही जात 1964 साली लागवडीसाठी आली. उणे 32 अंश सेल्सियसच्या आसपासची थंडीसुद्धा ती सोसते, असा तिचा लौकिक. एकटं झाडही फळ धरतं. गर पिवळा, रसाळ.

पण तुमच्याकडे थंडी बेताची असेल, तर काळजी उबेची करा. रिलायन्सच्या कळ्यांना सात अंशांखालचे साधारण 1000 तास लागतात. तेवढे भरेपर्यंत त्या गाढ झोपलेल्या. एकदा भरले, की फेब्रुवारीतल्या चार उबदार दिवसांनीही त्या जाग्या होऊ लागतात, आणि जागी झालेली कळी पूर्वीचा कडाका सोसत नाही. पूर्ण उमललेली फुलं तर उणे साडेचार अंशांतच बहुतेक सगळी मरतात. 2016 चा हिवाळा असाच ऊबदार गेला, 14 फेब्रुवारीला पारा कोसळला, आणि न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी बागांना त्या वर्षी पीच दिसलाच नाही.

म्हणून दक्षिणेकडच्या तापणाऱ्या भिंतीलगत झाड लावू नका. उत्तरेचा उतार असेल तर उत्तम, तिथे कळ्या उशिरा जाग्या होतात. खोलगट जागा टाळा. थंड हवा तिथेच साचते.

छाटणीला मात्र हात आखडता घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पीचचं फळ गेल्या वर्षी फुटलेल्या काडीवरच येतं. नाशिकचे द्राक्षबागायतदार छाटणीचं मोल जाणतात. आपण परसबागवाले कात्री लावायला घाबरतो, मग फळं दरवर्षी उंच उंच जातात. मधला भाग मोकळा ठेवा, ऊन आत येऊ द्या. घाई नको, कळ्या फुगेपर्यंत थांबा. दोनचार कळ्या उभ्या चिरून पाहा: आत हिरवं असेल तर कळी जिवंत, काळं पडलं असेल तर गेली. किती छाटायचं ते त्यावर ठरवा.

फळं सुपारीएवढी झाली की विरळणी करा, दोन फळांत वीतभर अंतर राहू द्या. तोडवत नाही, पण तोडाच; नाहीतर फळं बारीक राहतात आणि फांद्याही मोडतात. पानं गुंडाळून लालसर फुगणाऱ्या रोगासाठी ताम्रयुक्त फवारणी पानगळीनंतर किंवा कळ्या फुगण्याआधी करायची. पानं उघडल्यावर ती कामाची नाही.