सगळ्या ब्राउझरांत एकच फॉन्ट: हातात काय आहे आणि काय नाही

मित्रहो, आपण निवडलेला फॉन्ट सगळ्या ब्राउझरांत सारखा दिसला पाहिजे, ही मागणी संकेतस्थळ बनवणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवर कधी ना कधी येतेच. मागणी रास्त आहे. मात्र ‘सारखा’ म्हणजे किती सारखा, हे मागणारा क्वचितच सांगतो. अक्षराच्या कडेवरचा प्रत्येक ठिपका जुळला पाहिजे, असे कोणी म्हणत असेल तर ते आजही शक्य नाही. पण अक्षरे तीच असावीत, ओळी शक्यतो त्याच जागी तुटाव्यात, ठळक मजकूर खरोखर ठळक असावा आणि फॉन्टची वाट पाहत वाचक खोळंबू नये, एवढीच अपेक्षा असेल तर ती बहुतांशी पुरी करता येते. या दोहोंमधली सीमा कुठे आहे, हे मला आज सांगायचे आहे. कारण माझ्या पाहण्यात बहुतेकांची मेहनत सीमेच्या पलीकडे, जिथे हाती काही लागत नाही, तिथेच खर्ची पडते.

आधी जुना हिशेब लवकर मिटवू. संकेतस्थळासोबत फॉन्ट पाठवण्याची कल्पना नवी नाही. इंटरनेट एक्स्प्लोररने १९९७ मध्येच स्वतःच्या ईओटी या स्वरूपात ती आणली, नेटस्केपने दुसरेच स्वरूप निवडले आणि पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या १९९८ च्या आवृत्ती २ मध्ये, फॉन्टची फाइल जोडणारा ‘फॉन्ट-फेस’ हा नियम आला. पण सीएसएस २.१ मधून तो वगळण्यात आला. २००८ मध्ये सफारी ३.१ ने आणि २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ ने साधी ट्रूटाइप फाइल थेट स्वीकारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पुढे खास वेबसाठी आखलेले वॉफ हे स्वरूप डिसेंबर २०१२ मध्ये, तर त्याहून सरासरी ३० टक्के लहान फाइल देणारे वॉफ टू मार्च २०१८ मध्ये अधिकृत शिफारस बनले. आज सर्व प्रमुख ब्राउझर वॉफ टू वाचतात. म्हणून एकाच फॉन्टच्या चार-पाच स्वरूपांची जी लांबलचक यादी अजूनही जिथेतिथे चिकटवलेली दिसते, तिची आता गरज नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर तर जून २०२२ मध्ये निवृत्तही झाला.

याच यादीत बऱ्याचदा ‘लोकल’ नावाची एक ओळ असते. फॉन्ट वाचकाच्या संगणकावर आधीच असेल तर तोच वापर, असे ती ब्राउझरला सांगते. बचत होते खरी. पण त्या संगणकावर त्याच नावाची जुनी आवृत्ती असेल तर तिथे काही अक्षरे वेगळी दिसतील, आणि तक्रार आल्यावर आपल्याला कारण सापडणार नाही. एकसारखेपणा हेच उद्दिष्ट असेल तर ती ओळ काढून टाकावी.

फाइल पोहोचण्यातही एक अडथळा आहे. फॉन्ट दुसऱ्या डोमेनवर ठेवला असेल, तर त्या सर्व्हरने फाइलसोबत पाठवायच्या ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ या हेडरमधून परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर तो वापरत नाही. पूर्वी काही ब्राउझर याबाबत सैल होते, त्यामुळे एकीकडे फॉन्ट दिसे आणि दुसरीकडे दिसत नसे. फॉन्ट लवकर यावा म्हणून ‘प्रीलोड’ ही तो आधीच उतरवण्याची सूचना लिहिताना ‘क्रॉसओरिजिन’ हे विशेषण विसरले, तर तीच फाइल दोनदा उतरवली जाते, मग ती आपल्याच डोमेनवर का असेना. आणि सामायिक सेवेवरून फॉन्ट घेतल्याने तो वाचकाच्या कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरने उतरवून ठेवलेल्या फाइलींच्या साठ्यात, आधीच असेल, हा हिशेबही आता चुकतो. प्रमुख ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचा कॅश वेगळा ठेवतात. क्रोमने हे २०२० मध्ये सुरू केले.

आता ठळकपणाकडे येऊ, कारण ‘फॉन्ट वेगळा दिसतो’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. अक्षराच्या जाडीच्या आकड्याला वजन म्हणतात. समजा, फॉन्टची फक्त साधी, म्हणजे ४०० वजनाची फाइल जोडली आहे. शीर्षकाचा टॅग मुळातच ठळक असतो, म्हणून ब्राउझर ७०० वजन शोधतो, ते सापडत नाही, आणि मग तो साध्याच अक्षराच्या रेषा जाड करून कृत्रिम ठळक अक्षर तयार करतो. किती जाड करायचे, हे प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने ठरवतो. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जाते. देवनागरीत मात्र ‘क्ष’, ‘ष’, ‘झ’ यांच्या पोटातली जागा बुजते आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो. उपाय सरळ आहे. जितकी वजने वापरायची तितक्या फाइली द्याव्यात, सगळ्यांना कुटुंबाचे एकच नाव द्यावे आणि प्रत्येक ‘फॉन्ट-फेस’ घोषणेत तिचे वजन नोंदवावे. व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळी वजने असलेला फॉन्ट, असेल तर वजनाची संपूर्ण मर्यादा, उदाहरणार्थ १०० ते ९००, लिहावी. ती न लिहिल्यास फाइलमध्ये खरे ठळक अक्षर असूनही ब्राउझर नकली बनवू शकतो. शिवाय ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ असे मूल्य दिले की नकली अक्षर बनणेच थांबते आणि राहून गेलेली फाइल चाचणीतच उघडी पडते.

यानंतर वेळेचा प्रश्न. फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचे, याबाबत एकेकाळी प्रत्येक ब्राउझरची चाल निराळी होती: क्रोम आणि फायरफॉक्स सुमारे ३ सेकंद मजकूर अदृश्य ठेवत, सफारी तर फाइल येईपर्यंत थांबून राही, आणि इंटरनेट एक्स्प्लोरर लगेच पर्यायी फॉन्ट दाखवी. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या गुणधर्माने हा निर्णय आपल्याकडे दिला. ‘स्वॅप’ म्हटले तर पर्यायी फॉन्ट जवळजवळ लगेच दिसतो आणि खरा फॉन्ट आला की बदलतो; ‘ऑप्शनल’ म्हटले तर ब्राउझर सुमारे १०० मिलिसेकंद थांबतो आणि तेवढ्यात फॉन्ट आला नाही तर त्या भेटीत पर्यायीच ठेवतो. वाचनप्रधान पानांसाठी माझा कौल ‘ऑप्शनल’ला आहे. डिझाइनरांना ते रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वाचता वाचता परिच्छेद उडी मारतो, तेव्हा वाचक त्या सुंदर अक्षरांना दाद देत नाही.

ही उडी बसते ती दोन फॉन्टांची मापे जुळत नसल्यामुळे. त्यासाठी पर्यायी फॉन्टची वेगळी घोषणा करून तिला अक्षरांचा आकार लहानमोठा करणारे ‘साइज-ॲडजस्ट’ लावता येते. सफारीत ते आवृत्ती १७ पासून चालते. पण मापांची खरी गुंतागुंत फॉन्टच्या फाइलमध्येच आहे. अक्षराची वरची व खालची हद्द तिथे तीन ठिकाणी नोंदलेली असते. मॅकवर ‘एचएचइए’ तक्त्यातली नोंद चालते, तर विंडोजवर साधारणपणे ‘विन’ नावाच्या नोंदी चालतात, आणि फॉन्टमधली एक विशिष्ट खूण चालू असेल तर ‘टायपो’ नोंदी. अक्षराचा आकार १००० एककांत मोजणाऱ्या फॉन्टमध्ये खालची हद्द तीच ठेवून वरची हद्द एका ठिकाणी ९०० आणि दुसऱ्या ठिकाणी ११०० लिहिली असेल, तर ओळीची उंची ठरवून दिलेली असतानाही ४० पिक्सेलचे शीर्षक एका संगणकावर दुसऱ्यापेक्षा ४ पिक्सेल खाली बसते. बटणावरचा मजकूर मधोमध येत नाही म्हणून जी मंडळी एकेका ब्राउझरसाठी पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा, वरखाली करत बसतात, त्यांनी आधी हे तीन आकडे पाहावेत. परवाना बदलाची मुभा देत असेल तर ते फाइलमध्येच जुळवावेत. अनेक व्यावसायिक परवाने ती मुभा देत नाहीत. अशा वेळी फॉन्टच्या निर्मात्याकडेच दुरुस्ती मागावी.

देवनागरीत आणखी एक घोटाळा होतो, तो फाइल लहान करताना. एखाद्या हिंदी मजकुरात आलेली अक्षरे तेवढी ठेवून बाकीची छाटली, तर ‘ळ’ आणि ‘ऱ’ उडण्याची दाट शक्यता असते. मग ‘वेळ’ या शब्दातले शेवटचे अक्षर भलत्याच फॉन्टमधून येते, आणि तो फॉन्ट प्रत्येक यंत्रावर वेगळा असतो. अक्षरे ठेवली पण जोडाक्षरांचे नियम सांगणारा ‘जीसब’ तक्ता छाटला, तर ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ हरवून तिथे हलन्त दिसतो. म्हणून निवडक अक्षरे नव्हे, तर युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा संपूर्ण गट आणि त्याबरोबर २००सी व २००डी हे अदृश्य जोडक ठेवावेत. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी, म्हणजे फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतील तर ते निवडले जातात. अक्षरांमधले अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ गुणधर्म देवनागरीला लावू नये; शिरोरेषा तुटते.

राहिली ती सीमेपलीकडची गोष्ट. अक्षराचे ठिपके रंगवण्याचे काम मॅकवर कोअर टेक्स्ट, विंडोजवर डायरेक्टराइट आणि लिनक्स व अँड्रॉइडवर फ्रीटाइपसारखी यंत्रणा करते, आणि प्रत्येकाची जाडीची व धारदारपणाची कल्पना वेगळी आहे. अक्षरांच्या कडा मऊ करणारा ‘वेबकिट-फॉन्ट-स्मूदिंग’ हा बहुचर्चित गुणधर्म फक्त मॅकवर चालतो, त्यामुळे तो लावून तफावत मिटत नाही. हा भाग सोडून द्यावा. ऑपेरा मिनीमध्ये तर आपला फॉन्ट येणारच नाही, आणि आयफोनच्या लॉकडाउन मोड या कडक सुरक्षेच्या व्यवस्थेतही तो अडू शकतो; तिथे वाचक पर्यायी फॉन्टमध्येच पान वाचणार, म्हणून पर्यायी यादीही तितक्याच काळजीने लिहावी.

तपासणी करताना ब्राउझरची नावे मोजू नयेत, त्यांच्या आत पान रंगवणारी इंजिने मोजावीत. क्रोम आणि एज यांचे इंजिन एकच आहे, आणि आयफोनवरचा क्रोम जवळजवळ सर्वत्र आतून वेबकिट, म्हणजे सफारीचेच इंजिन, असतो. क्रोमच्या विकासक साधनांत ‘कम्प्युटेड’ भागाच्या तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टची नावे आणि प्रत्येकातून किती आकृत्या घेतल्या त्याची संख्या दिसते. तिथे तुमच्या फॉन्टखाली दुसरे एखादे नाव आणि त्यापुढे ‘२’ किंवा ‘३’ असा लहानसा आकडा आढळला, तर कोणती तरी अक्षरे फाइलमध्ये नाहीत. त्यांचा शोध तिथूनच सुरू करावा.